मयसभेंतला पाहुणा

महाभारताच्या सभापर्वांत मयासुरानें पांडवांसाठीं बांधलेल्या सभेचें वर्णन आहे. तींत पाणी आहे असें वाटे तेथें स्फटिकाची भूमि असे, आणि भूमि आहे असें वाटे तेथें पाणी असे. पाहुणा म्हणून आलेल्या दुर्योधनानें कोरड्या जागीं वस्त्रें सांवरून घेतलीं आणि थोडें पुढें जातांच तो सवस्त्र पाण्यांत पडला. मयाच्या कसबांत कांहीं उणें नव्हतें. कोठें काय आहे हें पाहुण्याला कोणी आधीं सांगितलें नव्हतें, एवढीच उणीव होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत माणसानें संगणकांसाठीं अशीच एक सभा उभारली. तिच्या इतिहासांत एकच प्रश्न पुन्हां पुन्हां उभा राहिलेला दिसतो. यजमानानें पाहुण्याला खरें सांगावें, कीं त्याला भ्रमांतच ठेवावें?

संगणकावर जे निरनिराळे प्रोग्रॅम चालतात त्यांच्यावर देखरेख करणारा एक मुख्य प्रोग्रॅम असतो. त्यास ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कार्यप्रणाली म्हणतात. स्मृतीचा कोणता भाग कोणी वापरावा, प्रोसेसर कोणाच्या हातीं किती वेळ असावा, तबकडीवरील मजकूर कोणास द्यावा, हीं सर्व कामें ती करते. यंत्र आपल्या एकटीच्या मालकीचें आहे अशी तिची समजूत असते, आणि तिची घडणच त्या समजुतीवर झालेली असते. आतां एकाच यंत्रावर दोन, दहा किंवा पन्नास कार्यप्रणाली एकदम चालवावयाच्या असतील, तर त्या सर्वांच्या वर आणखी एक अधिकारी बसवावा लागतो. कार्यप्रणालीच्या गाभ्यास जुन्या काळीं सुपरव्हायझर म्हणत. त्याच्याहि वरचा म्हणून ह्याचें नांव हायपरव्हायझर. तो प्रत्येक कार्यप्रणालीस एक एक आभासी यंत्र देतो. हायपरव्हायझर हा यजमान, आणि आभासी यंत्रांत उतरलेली कार्यप्रणाली हा पाहुणा.

ह्या सभेचा पाया अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत, केंब्रिज शहरीं घातला गेला. १९६४ च्या एप्रिलच्या ७ तारखेस आयबीएम कंपनीनें सिस्टिम/३६० ही संगणकांची नवी मालिका जाहीर केली. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीच्या केंब्रिज येथील शास्त्रीय केंद्रांत रॉबर्ट क्रीसी व लेस कोमो यांनीं सीपी-४० नांवाच्या प्रोग्रॅमची आंखणी सुरू केली. संगणक फार महाग होते. एका यंत्रावर अनेकांनीं एकाच वेळीं काम कसें करावें, हा त्या दिवसांतील मोठा प्रश्न होता. केंब्रिजच्या मंडळींनीं त्याला सरळ पण धाडसी उत्तर दिलें. प्रत्येकाला एक स्वतंत्र संगणकच द्यावा. मग तो खरा नसला तरी चालेल. खास फेरफार केलेल्या मॉडेल ४० यंत्रावर जानेवारी १९६७ पासून सीपी-४० नित्याच्या कामास लागला. त्या एका यंत्रावर १४ आभासी यंत्रें नांदूं शकत. त्याच्यामागून सीपी-६७ आला, आणि १९७२ च्या ऑगस्टच्या २ तारखेस व्हीएम/३७० ह्या नांवानें आयबीएमनें ही कल्पना आपल्या सर्व गिऱ्हाइकांपुढें ठेवली.

हा भ्रम निर्माण कसा होतो, हें थोडें पाहिलें पाहिजे. प्रोसेसरला दोन अवस्था असतात. एका अवस्थेंत सर्व आज्ञा चालतात. दुसरींत कांहीं आज्ञा, उदाहरणार्थ सगळें यंत्र थांबविण्याची किंवा तबकडीस हुकूम देण्याची, राखीव असतात. पाहुण्या कार्यप्रणालीस हायपरव्हायझर ह्या दुसऱ्या, कमी अधिकाराच्या अवस्थेंत चालवितो. तिनें राखीव आज्ञा दिली कीं प्रोसेसर ती न पाळतां हायपरव्हायझरला जागें करतो. हायपरव्हायझर तीच गोष्ट त्या आभासी यंत्रापुरती घडवून आणतो आणि पाहुण्याला पुढें चालूं देतो. आपली आज्ञा यंत्रानें पाळली, असेंच पाहुण्याला वाटतें.

१९७४ सालीं जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनीं ह्या रचनेची शास्त्रशुद्ध मीमांसा केली. आभासी यंत्रांत प्रोग्रॅमचें वर्तन खऱ्या यंत्रांतल्यासारखेंच असावें, सर्व साधनांवरील ताबा हायपरव्हायझरकडेच राहावा, आणि बहुसंख्य आज्ञा त्याच्या मध्यस्थीवांचून प्रोसेसरनेंच थेट पाळाव्या, अशा तीन कसोट्या त्यांनीं घालून दिल्या. मात्र पहिल्या कसोटीला त्यांनीं दोन अपवाद ठेवले होते: कामाला लागणाऱ्या वेळेंत फरक पडेल, आणि वांटणीस आलेलीं साधनें कमी असतील. हे अपवाद वरवर पाहतां क्षुल्लक वाटतात. परंतु पुढें पाहुणा जेव्हां जेव्हां अडखळला, तेव्हां बहुधा ह्या दोन ठिकाणींच अडखळला.

आयबीएमचीच व्हीएस१ ही कार्यप्रणाली घ्यावी. प्रत्यक्ष स्मृति थोडी असतां ती पुष्कळ आहे असें भासविण्याची कला तिला अवगत होती. स्मृतीचे लहान लहान भाग, ज्यांस पानें म्हणतात, ते ती गरजेप्रमाणें तबकडीवर ठेवी व परत आणी. पण तिचा यजमान व्हीएम/३७० हाहि तेंच करी. परिणाम असा होई कीं, व्हीएस१ नें एखादें पान तबकडीवर टाकण्यासाठीं उचलावें, तों यजमानानें तें आधींच तबकडीवर टाकलेलें असावें. मग यजमान तें धांवपळ करून स्मृतींत परत आणी. कशासाठीं? तर पाहुण्यानें तें पुन्हां तबकडीवर टाकावें म्हणून! दोघेहि आपापल्या जागीं शहाणे, पण दोघांचें मिळून होणारें काम मूर्खपणाचें. शिवाय यजमान एक पान आणीत असे तेवढा वेळ सबंध पाहुणा थांबून राही. त्याच्याजवळ दुसरीं दहा कामें तयार असलीं तरी तो तीं हातीं घेऊं शकत नसे, कारण आपण थांबलों आहों हेंच त्याला ठाऊक नसे.

ह्यावर १९७० नंतरच्या दशकांत तोड निघाली. तिला आयबीएमनें हँडशेकिंग, म्हणजे हस्तांदोलन, असें नांव दिलें. हस्तांदोलन करावयाचें तर समोर कोणी आहे हें आधीं कळलें पाहिजे. म्हणून यंत्र सुरू होतांच व्हीएस१ प्रोसेसरला त्याचा ओळखक्रमांक विचारी. ही आज्ञा राखीव असल्यामुळें तिचें उत्तर खऱ्या प्रोसेसरऐवजीं व्हीएम/३७० देई, आणि त्या उत्तरांतील एका ठराविक जागीं सोळाच्या पायावरील अंकांत एफएफ, म्हणजे २५५, ही खूण ठेवी. खूण पटली कीं व्हीएस१ डायग्नोज नांवाची दुसरी आज्ञा देऊन यजमानाची सविस्तर ओळख मागून घेई. डायग्नोजची निवडहि विचारपूर्वक झालेली होती. यंत्राच्या अधिकृत व्याख्येंत ह्या आज्ञेचा नेमका अर्थ मुद्दाम मोकळा सोडलेला होता. प्रत्येक मॉडेलनें तो आपल्यापुरता ठरवावयाचा होता. आभासी यंत्र हेंहि एक मॉडेलच मानलें, तर त्यानें आपला अर्थ ठरविण्यास काय हरकत? अशा रीतीनें एकहि नियम न मोडतां पाहुण्याला यजमानाशीं बोलण्याची भाषा मिळाली.

ओळख पटल्यावर व्हीएस१ ला आपला स्मृतीचा पसारा आभासी यंत्राएवढाच ठेवून पानांची ने-आण सर्वस्वी यजमानावर सोपवितां येई. यजमानाला एखादें पान तबकडीवरून आणावयाचें असेल, तर तो तसा निरोप पाहुण्याला धाडी. त्या पानासाठीं अडलेलें काम पाहुणा बाजूस ठेवी व दुसरें हातीं घेई. पान आलें कीं दुसरा निरोप येई. केंब्रिजच्याच केंद्रांत जन्मलेली सीएमएस ही छोटी कार्यप्रणाली तर ह्याच्याहि पुढें गेली. आरंभीं ती नुसत्या यंत्रावरहि चालत असे. व्हीएम/३७० च्या काळापासून ती यजमानावांचून चालेनाशी झाली. तो पाहुणा घरचाच होऊन गेला.

पुढें घरोघरीं व कचेऱ्यांतून जे छोटे संगणक आले, त्यांच्या प्रोसेसरांत मात्र ह्या सभेची सोयच नव्हती. इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरची तपासणी करून जॉन रॉबिन व सिंथिया अर्वाइन यांनीं २००० सालीं दाखवून दिलें कीं, त्याच्या १७ आज्ञा पोपेक व गोल्डबर्ग यांच्या शर्तीस उतरत नाहींत. अशी आज्ञा कमी अधिकाराच्या अवस्थेंत दिली तरी हायपरव्हायझरला जाग येत नसे. ती एकतर मुकाट्यानें अर्धवट पाळली जाई, किंवा यंत्राची खरी स्थिति पाहुण्यास सांगून टाकी.

ही अडचण ओलांडण्याचे दोन मार्ग निघाले, आणि ते स्वभावानें अगदीं भिन्न होते. १९९८ सालीं कॅलिफोर्नियांत स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीनें पाहुण्याच्या गाभ्यांतील आज्ञा, त्या चालण्यापूर्वींच, वाचून पाहण्यास आरंभ केला. धोक्याची आज्ञा दिसली कीं तिच्या जागीं निर्धोक आज्ञा घालावयाची, आणि पाहुण्यास त्याचा पत्ता लागूं द्यावयाचा नाहीं. १९९९ सालीं तिचें पहिलें उत्पादन बाजारांत आलें. दुसरा मार्ग सरळ बोलून टाकण्याचा होता. अमेरिकेंतील वॉशिंग्टन विश्वविद्यालयांत २००२ सालीं डेनाली, आणि इंग्लंडांतील केंब्रिज विश्वविद्यालयांत २००३ सालीं झेन, हे हायपरव्हायझर पुढें आले. त्यांच्या कर्त्यांनीं पाहुण्याचीच घडण थोडी बदलली. जेथें राखीव आज्ञा होती, तेथें यजमानाला उघड विनंति घातली. ह्या विनंतीस हायपरकॉल, आणि ह्या पद्धतीस पॅराव्हर्च्युअलायझेशन म्हणतात. लिनक्स ही कार्यप्रणाली झेनच्या घरीं राहण्याजोगी करण्यासाठीं जवळजवळ ३,००० ओळींचा फेरफार पुरला, असा हिशेब झेनच्या कर्त्यांनीं दिला. त्यामुळें वेग चांगला साधला. पण ज्या कार्यप्रणालीची मूळ संहिता तिच्या मालकांपाशीं बंद आहे, तिची घडण परक्यानें कशी बदलावी, हा प्रश्न उरलाच.

पहिल्या मार्गावरील भ्रमहि अभेद्य नव्हता. व्हीएमवेअरनें स्वतःच एक चोरदरवाजा ठेवला होता. पाहुण्याच्या आंत चालणाऱ्या तिच्या मदतनीस प्रोग्रॅमनें एका विशिष्ट क्रमांकाच्या दारावर ठराविक परवलीचा शब्द उच्चारला कीं यजमान उत्तर देई. खऱ्या यंत्रांत त्या दारामागें कोणीच नसे. ह्याखेरीज एक न बुजविलेलें भगदाडहि होतें. बाहेरून हांक आली असतां काय करावें ह्याचें एक कोष्टक प्रत्येक कार्यप्रणाली स्मृतींत ठेवते. यजमानाचेंहि तसेंच कोष्टक असते. त्याचा पत्ता सांगणारी आज्ञा राखीव नसल्यामुळें पाहुण्यांतील कोणत्याहि सामान्य प्रोग्रॅमला ती देतां येई, आणि भलत्याच जागेचा पत्ता मिळाला कीं आपण आभासी यंत्रांत आहों हें त्याला उमगे. पोलंडच्या योआना रुत्कोव्स्का यांनीं २००४ सालीं ही युक्ति एका चिमुकल्या प्रोग्रॅमच्या रूपानें प्रसिद्ध केली आणि तिला रेड पिल, म्हणजे तांबडी गोळी, हें नांव दिलें. द मेट्रिक्स ह्या १९९९ च्या चित्रपटांत नायकाला भ्रमांतून जागें करणारी गोळी तांबडी असते, तिच्यावरून हें नांव आलें. एकाहून अधिक प्रोसेसर असलेल्या यंत्रांवर ही खूण भरंवशाची राहिली नाहीं. परंतु तिनें एक गोष्ट सर्वांच्या नजरेस आणली: लपूं पाहणारा यजमान लपत नाहीं, आणि त्याला हुडकून काढणारा नेहमींच सज्जन असतो असें नाहीं. घातक प्रोग्रॅमांची तपासणी करणारे लोक तीं सोंगें आभासी यंत्रांत कोंडून पाहतात; म्हणून कित्येक घातक प्रोग्रॅम आधीं भिंती चांचपतात आणि आभासी यंत्राचा संशय आला कीं गरीब गाईसारखे वागतात.

ह्यानंतर इतिहासानें अनपेक्षित वळण घेतलें. नोव्हेंबर २००५ मध्यें इंटेलनें आणि मे २००६ मध्यें एएमडीनें आपल्या प्रोसेसरांतच आभासी यंत्रांची सोय असलेले नमुने बाजारांत आणले. आतां पाहुण्याला त्याचें स्वतःचें कोष्टक, स्वतःचे अधिकार, सर्व कांहीं जसेंच्या तसें देतां येऊं लागलें. जुनें भगदाड बुजलें. वेळेच्या मोजमापाचा अपवाद सोडला, तर जवळजवळ पूर्ण फसवणूक आतां आटोक्यांत आली होती. आणि नेमक्या ह्याच वेळीं यजमानांनीं आपण होऊन खरें सांगावयास आरंभ केला.

त्याची रीत अशी. पेंटियमच्या काळापासून ह्या घराण्यांतील प्रोसेसरांना सीपीयूआयडी नांवाची आज्ञा आहे. प्रोसेसरला त्याचें कुलशील विचारण्याची ती आज्ञा. उत्तरांत बनविणाराचें नांव बारा रोमन अक्षरांत येतें. इंटेलच्या नव्या सोयींत पाहुण्यानें ही आज्ञा दिली कीं ताबा नेहमीं यजमानाकडे जातो, म्हणून उत्तर काय द्यावें हें सर्वस्वी त्याच्या हातीं असतें. ह्या उत्तरांतील एक बिट खऱ्या प्रोसेसरांत नेहमीं शून्य असतो. यजमान तो एक करून ठेवतो. अर्थ इतकाच, कीं येथें कोणी आहे. मग पाहुणा त्याच आज्ञेनें सोळाच्या पायावरील ४००००००० ह्या क्रमांकाची माहिती मागतो. खऱ्या प्रोसेसरांनीं ही जागा वापरावयाची नाहीं, असें बनविणारांनीं ठरविलें आहे. तेथें यजमान आपलें नांव, तेंहि बारा अक्षरांच्याच चौकटींत, सांगतो. व्हीएमवेअर आपलें नांव दोनदां उच्चारून बारा अक्षरें भरते. २००६ सालीं अवि किविटी यांनीं जाहीर केलेला व फेब्रुवारी २००७ मध्यें लिनक्सच्या गाभ्यांत आलेला केव्हीएम आपलीं तीन अक्षरें तीनदां म्हणतो आणि उरलेल्या तीन जागा शून्यांनीं भरतो. सर्व हायपरव्हायझरांनीं ह्या बाबतींत एकच रीत पाळावी, असा प्रस्ताव व्हीएमवेअरनें २००८ सालीं मांडला. नांव सांगण्याच्या जागेवर एकमत राहिलें. पुढच्या संभाषणाची बोली मात्र ज्याची त्यानें ठेवली. त्याच वर्षीं आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीनें पाहुण्याच्या ह्या जाणिवेस एन्लाइटनमेंट, म्हणजे ज्ञानप्राप्ति, असें नांव दिलें आहे. भोंवतालचें जग माया आहे हें ज्याला कळलें, तो ज्ञानी! आणि विंडोजला ह्या ज्ञानाचा लाभ मिळावा म्हणून केव्हीएम हायपर-व्हीचीच बोली बोलूं शकतो.

खरें सांगून यजमानाचा लाभ काय होतो? प्रथम काळाची गोष्ट घ्यावी. जुनी कार्यप्रणाली घड्याळाचे ठोके मोजून वेळ ठरवीत असे; २००३ च्या अखेरीस आलेल्या लिनक्सच्या २.६ ह्या आवृत्तींत ते सेकंदास १,००० असत. पाहुण्याला मधेंच थांबविलें कीं ठोके चुकत आणि त्याचें घड्याळ मागें पडे. आतां पाहुणा स्मृतींतील एक जागा यजमानाला दाखवितो आणि यजमान तेथें खऱ्या काळाचा हिशेब लिहून ठेवतो. लिहितांना तो शेजारच्या आवृत्तिक्रमांकाला विषम करतो, लिहून झालें कीं सम. विषम अंक दिसला तर पाहुणा क्षणभर थांबून पुन्हां वाचतो. त्याचप्रमाणें आपला किती वेळ दुसऱ्यांच्या कामीं गेला, ह्याचा आंकडाहि पाहुण्याला मिळतो. त्याला चोरीस गेलेला वेळ असेंच म्हणतात. पूर्वीं पाहुणा संथ झाला तर त्यांतील प्रोग्रॅमांवर ठपका येई. आतां दोष कोणाचा हें आंकड्यांवरून दिसतें.

स्मृतीच्या वांटपांतहि तेंच. यजमानाला स्मृति कमी पडली, तर कोणत्या पाहुण्याचीं कोणतीं पानें निरुपयोगी आहेत हें त्याला बाहेरून कळत नाहीं. कार्ल वॉल्डस्पर्गर यांनीं २००२ सालीं व्हीएमवेअरमधील एका युक्तीचें वर्णन प्रसिद्ध केलें. पाहुण्याच्या आंत एक लहानसा प्रोग्रॅम ठेवावयाचा. यजमानाच्या सांगण्यावरून तो फुग्यासारखा फुगतो, म्हणजे पाहुण्याकडे स्मृति मागूं लागतो. कोणतीं पानें सोडावीं हें पाहुणा आपल्या सोयीनें ठरवितो, आणि सुटलेलीं पानें यजमान दुसऱ्या गरजूस देतो. घरांतली अडगळ कोणती, हें घरांत राहणारालाच विचारावें, हा त्यांतला साधा व्यवहार.

तिसरी गोष्ट उपकरणांची. खऱ्या नेटवर्क कार्डाची हुबेहूब नक्कल करावयाची तर पाहुण्याच्या जवळजवळ प्रत्येक हालचालीसरशीं यजमानाला जागें व्हावें लागे. रस्टी रसेल या ऑस्ट्रेलियन प्रोग्रॅमरनें २००८ सालीं व्हर्टिओ ह्या पद्धतीचें विवेचन प्रसिद्ध केलें. तींत नक्कल सोडून दिली आहे. दोघांनीं स्मृतींत एक सामाईक वही ठेवावयाची. पाहुण्यानें तींत मागण्यांची ओळ लिहावी आणि शेवटीं एकदांच घंटा वाजवावी. पुढें ओअॅसिस ह्या संस्थेनें ह्या पद्धतीची प्रमाण व्याख्या प्रसिद्ध केली. आणि २०११ सालीं केव्हीएमच्या पाहुण्यांना पान येईपर्यंत दुसरें काम करूं देणारी सोय लिनक्समध्यें आली, तेव्हां जुन्या जाणत्यांना तींत व्हीएस१ च्या हस्तांदोलनाचीच आठवण झाली असेल. यंत्रें बदललीं, कंपन्या बदलल्या; पण "पान यावयाचें आहे, तोंवर दुसरें कांहीं कर" हा निरोप तोच राहिला.

मात्र सहकार्याचे सर्वच प्रकार टिकले नाहींत. प्रोसेसरच्या उणिवा झांकण्यासाठीं व्हीएमवेअरनें लिनक्सला शिकविलेली व्हीएमआय नांवाची बोली नव्या प्रोसेसरांपुढें निरुपयोगी ठरली, आणि जानेवारी २०११ मध्यें आलेल्या २.६.३७ ह्या आवृत्तींतून ती काढून टाकण्यांत आली. यंत्राला जें जमत नव्हतें तें करून देणारी विनंति यंत्र सुधारतांच संपली. जें यंत्र कितीहि सुधारलें तरी दुसऱ्याच्या मनांतलें असतें, म्हणजे पाहुण्याची गरज आणि यजमानाचा बेत, तें कळविण्याची भाषा तेवढी उरली.

लपण्याच्या प्रयत्नाचें काय झालें? २००७ सालीं टॅल गार्फिंकेल आणि त्यांचे सहकारी यांनीं एक निबंध वाचला. पूर्ण अदृश्य हायपरव्हायझर बांधणें व्यवहारांत अशक्य आहे, असें त्यांनीं प्रतिपादिलें. कारण वेळेचीं आणि साधनांचीं लक्षणें कोठेंना कोठें फुटतातच. पण त्यांनीं दुसरेंहि एक निरीक्षण नोंदविलें. जसजशीं खरीं कामें आभासी यंत्रांवर जातील, तसतसा आभासी यंत्र पाहून पळणाऱ्या घातक प्रोग्रॅमचाच तोटा होईल, कारण त्याचीं सावजेंहि तेथेंच असतील. सभेंत सर्वच येऊन बसले, म्हणजे सभा आहे हें ओळखण्यांत चातुर्य कसलें?

एवढ्यावर ही गोष्ट सुखान्त म्हणतां आली असती. परंतु जो पाहुणा यजमानाच्या शब्दावर घड्याळ लावतो, त्याच्या सांगण्यावरून स्मृति सोडतो, त्याच्या वहींत आपला व्यवहार लिहितो, त्याचें सर्वस्व यजमानाच्या हातीं असतें. पेढ्या, इस्पितळें व सरकारी कचेऱ्या आपलीं कामें दुसऱ्याच्या भाड्याच्या संगणकांवर चालवूं लागल्या, आणि प्रश्न उलटा झाला. पाहुण्यानें यजमानाला ओळखावें हें खरें, पण त्याच्यावर विश्वास किती टाकावा? २०१६ सालीं एएमडीनें पाहुण्याची स्मृति गुप्त लिपींत ठेवण्याची सोय जाहीर केली. २०२० मध्यें तिची अधिक कडक आवृत्ति आणि इंटेलची टीडीएक्स ही तशीच योजना पुढें आली. ह्या योजनांत प्रोसेसर यजमानालाहि परका मानतो. पाहुण्यानें सीपीयूआयडीसारखा प्रश्न विचारला, तर पहिली सूचना पुष्कळदां पाहुण्यालाच मिळते. यजमानाला काय दाखवावें आणि काय झांकावें हें तो ठरवितो, आणि दाखवावयाचें तेवढेंच एका सामाईक पानावर ठेवतो. एएमडीच्या योजनेंत कुलशीलाचीं उत्तरें पाहुणा सुरू होण्यापूर्वींच एका पानावर लिहिलेलीं असतात आणि प्रोसेसरच्या सुरक्षा-विभागानें तीं तपासलेलीं असतात, म्हणजे यजमानाला खऱ्या यंत्रांत नसलेले गुण सांगून पाहुण्यास खड्ड्यांत पाडतां येऊं नये. २०२२ च्या जुलैंत आलेल्या लिनक्सच्या ५.१९ ह्या आवृत्तीनें दोन्ही योजनांतील पाहुण्यांना थारा दिला.

अशा पाहुण्याची सुरुवातीची वागणूक पाहण्याजोगी आहे. यजमान आहे का, हें तो विचारतो. त्याचें नांवहि विचारतो. मग त्याच्या वहींत आलेलें प्रत्येक उत्तर आकारानें व मर्यादेनें बरोबर आहे का, हें तपासून पाहतो आणि मगच तें उपयोगांत आणतो. सामाईक पानांवर गुप्त असें कांहीं तो ठेवीत नाहीं. आणि आपल्या धन्याला, जो कदाचित् हजार कोसांवर बसलेला असतो, प्रोसेसरच्या सहीचा दाखला धाडतो, कीं आपण खरोखर त्याच प्रोसेसरवर आणि ज्या स्थितींत पाठविलें त्याच स्थितींत सुरू झालों आहों. १९६७ च्या केंब्रिजमध्यें यजमानाचें अस्तित्व पाहुण्याला कळूं नये एवढीच काळजी होती. आतां तें कळलें पाहिजे, त्याचा उपयोग करून घेतला पाहिजे, आणि तरीहि आपल्या घराची किल्ली आपल्याच जवळ ठेवली पाहिजे, असा हा व्यवहार येऊन ठेपला आहे.